पाचहजारी

गॅरेजच्या पत्र्यावर नाव वेगळंच रंगवलेलं होतं, पण गिऱ्हाइकं तिथल्या मेकॅनिकला 'पाचहजारी' म्हणत. एखादा मनसबदारच जणू! थाट मात्र कसला नव्हता. अंगात तेलाने कडक झालेला निळा डगला, कानामागे खडू, आणि तोंडी एकच वाक्य: "पाच हजार किलोमीटर झाले की इंजिन ऑइल बदलायचं. पाच हजार एक नाही." गाडी नवी असो की जुनी, तेल साधं असो की भारीतलं. कुणी म्हणालंच की, "अहो, कंपनीच्या पुस्तकात दहा हजार लिहिलंय," तर तो म्हणायचा, "पुस्तक लिहिणारा बंद पडलेल्या गाडीमागे रस्त्यात उभा नसतो."

लोक हसत. त्याचा मामा तसा उभा होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा मामाने त्याला घरी आणलं. मामा एका मालकाची मिनीबस चालवायचा. भाचा हाताशी आल्यावर त्याच मालकाच्या शेडमध्ये मामाने त्याला मेकॅनिक म्हणून चिकटवला. पोरगा हुशार निघाला. तेविसाव्या वर्षी शेडमधल्या चारही गाड्या त्याच्याच हातात होत्या.

एका गुरुवारी मामा म्हणाला, "पाच हजार कधीच उलटले रे. तेल बदलून टाक."

तो दुसऱ्या गाडीचा क्लच खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "रविवारी बदलतो, मामा. तीन दिवसांनी काही बिघडत नाही."

शनिवारी भर दुपारी पुलाच्या वळणावर बसचं इंजिन जाम झालं. मामाने प्रवाशांना उतरवून कठड्यालगत नेलं आणि मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवायला स्वतः लाल फडकं घेऊन बसच्या मागे गेला. लाकडं भरलेल्या ट्रकवाल्याला तो वळणावर फार उशिरा दिसला.

मामी आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी भाच्यापुढे चहाचा कप ठेवताना म्हणाली, "तेल तेवढं बदलायला हवं होतंस रे." पुन्हा तिने कधी तो विषय काढला नाही. काढायची गरजच उरली नाही.

त्याच महिन्यात त्याला दुसऱ्या शहरातून नोकरीचं पत्र आलं होतं. बोटींची इंजिनं बनवणारा कारखाना, राहायला खोली. त्याने नकार कळवला. घरात मामी होती, आठ वर्षांचा मामेभाऊ होता, आणि मिळवतं माणूस दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या टायरवाल्याची बहीण त्याच्यासाठी दोन वर्षं थांबली, मग थांबली नाही. मालकाची शेड सोडून त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं, मागच्या दोन खोल्यांत तिघांचं बिऱ्हाड हलवलं आणि मामेभावाला शिकवून शहाणं केलं.

शहाणं केलं, तिथेच पंचाईत झाली. मामेभाऊ गॅरेजमध्ये आला तो वाचून, विचारून आलेला. तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "तेल आता पूर्वीचं राहिलं नाही. पुस्तकात दहा हजार असतील तर खुशाल दहा हजार जाऊ द्या. फक्त गाडी कमी फिरली तरी वर्षाला एकदा बदला." हे पाचहजारीच्या कानावर गेलं, आणि त्याने भर गॅरेजात, गिऱ्हाइकासमोर त्याला झापलं.

"दादा, चांगलं तेल अर्ध्या वाटेत ओतून टाकायचं, हे कसलं शहाणपण?"

"तुझा बाप गेलाय त्याच्यापायी!"

मामेभावाच्या हातात पाना होता, तो त्याने टेबलावर ठेवला. "बाप माझा गेला. मला त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही. आणि तू मात्र रोज तेलाचा डबा उघडून मला तोच दाखवत बसतोस."

महिन्याभरात त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्र गॅरेज काढलं. निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. मामी मात्र भाच्याकडेच राहिली. "या वयात कुठे बस्तान हलवू?" म्हणाली. पाचहजारीला बरं वाटलं. मामीने आपल्याला माफ केलं असावं, अशी एक आशा त्याने त्यातून काढून घेतली.

तो पन्नाशीला टेकला तेव्हा एक म्हातारा गृहस्थ आपली लहान गाडी घेऊन आला. बॉनेट उघडल्यावर दोघांनी एकमेकांना ओळखलं. मालकाच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडणारे हे फिटरकाका. खालच्या भांड्यात काळं तेल गळत होतं आणि काका स्टुलावर बसून जुन्या गोष्टी काढत होते. बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या मामाची बस मीच उघडली होती. वाईट झालं. पण पंपानेच दगा दिला, त्याला कोण काय करणार?"

"कुठला पंप?"

"ऑइल पंप. त्याचा दांडा तुटून दोन तुकडे झाले होते. दांडा तुटला की तेल वर चढतच नाही, आतलं सगळं कोरडं पडतं."

"तेल जुनं झालं होतं काका. मी बदललं नव्हतं."

"काळं होतं, पण गाळ नव्हता. अरे, त्या दिवशी सकाळी नवंकोरं तेल भरलं असतंस, तरी दुपारी इंजिन जाम झालंच असतं." काका त्याच्याकडे बघत राहिले. "तुला कुणी सांगितलं नाही? मालक स्वतः गेले होते की तुझ्या मामीला सांगायला."

त्याने गाडीत तेल भरलं, पट्टी पुसून दोनदा पातळी बघितली, काकांना निरोप दिला. मग डगला न काढताच मागच्या खोलीत गेला. मामी खिडकीपाशी वाटाणे सोलत होती.

"मामी, बसचा पंप तुटला होता, हे तुला माहीत होतं?"

तिचे हात थांबले. "कोण आलं होतं?"

"माहीत होतं का?"

"होतं."

"कधीपासून?"

"तेल बदलायला हवं होतंस असं मी तुला बोलले ना, त्यानंतर पंधरा दिवसांनी मालक आले होते. तू शेडमध्ये होतास."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. "तुझ्या खिशात ते पत्र होतं. कारखान्याचं. शर्ट धुवायला घेतला तेव्हा मी वाचलं. घरात आठ वर्षांचं पोर. तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास."

"गेलो असतो तरी तुम्हाला उपाशी ठेवलं नसतं."

"आज कळतंय ते. तेव्हा मी घाबरले होते. पुढे सांगेन, पुढे सांगेन म्हटलं. वर्षं गेली, मग तोंडच उरलं नाही." ताट पुन्हा मांडीवर घेत तिने विचारलं, "आता जाशील का रे?"

त्याला ओरडायचं होतं. पण समोर सत्तरीची बाई बसली होती, बोटं हिरवी झालेली, आणि तिला ऐकूही कमी येत होतं. ओरडलं असतं तर तिला ते नुसतं मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं असतं. "कुठे जाऊ?" एवढंच तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्यानंतर कुणी विचारलं, "तेल कितीला बदलू?" तर तो सांगायचा, "पुस्तकात बघा." जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारपणी नरमला. सव्वीस वर्षं ज्या वाक्यावर तो उभा होता ते वाक्य गेलं, आणि कामातला त्याचा जीवही गेला. बोल्ट आवळून झाल्यावर तो कितीतरी वेळ तसाच बॉनेटवर वाकून उभा राहायचा.

मामी पुढे दहा महिने जगली. औषधं तोच द्यायचा, अंथरूण तोच घालायचा. दोघं कमीच बोलत. शेवटच्या आठवड्यात तिने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही, पण उलट दाबलाही नाही.

ती गेल्यावर मामेभाऊ आला. तिची खोली दोघांनी मिळून आवरली. तिची चादर घडी करताना मामेभाऊ रडला. "दादा, तुला नाही नाही ते बोललो मी. पोटच्या पोराने केलं नसतं एवढं तू तिचं केलंस. का केलंस रे एवढं?"

खरं ओठांवर आलं होतं. पण मामेभावाजवळ आता बाप नव्हता, आईही नव्हती. होती ती तिची आठवण तेवढी.

"ते टोक धर नीट," तो म्हणाला. "चादर जमिनीला लागतेय."