धराबाई आणि खिशातलं पिल्लू

दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. धराबाई म्हटलं की पुरे. "श्वास घ्या... धरा... सोडा," हे त्यांचं रोजचं बोलणं. पण नाव पडलं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी. एक मास्तर छातीचा फोटो काढायला आले होते. बाईंनी "धरा" म्हटलं, बटण दाबलं आणि फिल्म धुवायला सरळ डार्करूममध्ये निघून गेल्या. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं. मास्तर पडले शब्दाला जागणारे. बाई बाहेर येऊन पाहतात तो मास्तर छाती फुगवून, डोळे पांढरे करून तसेच उभे. जीव वाचला, पण मास्तरांनी ही हकिकत गावभर केली आणि बाईंचं बारसं दुसऱ्यांदा झालं.

बाई निवृत्त झाल्या आणि चारच महिन्यांत यजमान गेले. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की बाई खिडकीशी बसायच्या त्या दुपारपर्यंत. पेपर मांडीवर, नजर परसात, आणि परसातलं काही दिसतंय असंही नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे वन्सं, यजमानांची थोरली बहीण. त्यांनी जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले होते, त्यामुळे बोलणंही तसंच, एकदा बोलल्या की उमटलंच.

परसातल्या पाच कोंबड्या यजमानांच्या. ते त्यांच्याशी गप्पा मारत, बाई नुसत्या कण्या टाकत. त्यातली तांबडी यजमानांची विशेष लाडकी. ती एके दिवशी खुरवड्यातल्या कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. कोंबडीला अंडी उबवायची ओढ लागली की ती अशी बसते, जागची हलत नाही, खाणंपिणं सोडते. तिला खुडूक म्हणतात. पण उबवायला अंडी असावी लागतात, आणि कोंबडा नसलेल्या परसातल्या अंड्यांतून काय निघणार? अंडी काढून घेतली तर तांबडीनं कुठूनशी दाराची पांढरी चिनी मातीची जुनी मूठ शोधून पोटाखाली घेतली. तीन आठवडे ती त्या मुठीवर बसून होती. तुरा फिका पडला. बाईंनी उचलून पाहिलं तर हाताला छातीचं हाड लागलं, एक्स-रे काढायची गरजच नव्हती.

"अशीच बसली तर जाईल ही," बाई म्हणाल्या.

"मग उठव तिला," वन्सं म्हणाल्या.

"टोपलीखाली कोंडली, पाण्यात उभी केली. सगळं करून झालं. परत जाऊन बसते."

"एक परसात खुडूक, एक खिडकीत खुडूक. मी कोणाकोणाला उठवू?"

बाईंना ते लागलं. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी वहाणा घातल्या आणि गावाबाहेरच्या हॅचरीत गेल्या. एक दिवसाची पिल्लं आणून तांबडीच्या पोटाखाली सरकवायची, तिला वाटेल आपलीच फुटली. तांबडी उठेल, खाईल, जगेल. यजमानांची तेवढी एक कोंबडी तरी आपल्या हातून जायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हॅचरीवाला बडबड्या होता. त्यानं उबवणी यंत्राचा खण बाहेर ओढला. आत शंभरएक अंडी ओळीनं, काहींना तडा गेलेला, आणि सगळ्या खणातून चिवचिव येत होती. बाई वाकल्या. एका अंड्याला मसुराएवढं भोक पडलं होतं आणि त्या भोकात एक चोच आत-बाहेर होत होती.

"दमलंय का हे?" बाईंनी विचारलं.

"श्वास घेतंय. अंड्यात वरच्या बाजूला थोडी हवा असते बघा. फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू त्या हवेत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. आतच. मग हवा पुरेनाशी झाली की कवच फोडतं."

धराबाई बघतच राहिल्या. माणसांच्या किती फुप्फुसांचे फोटो काढले, त्यांना मोजदाद नव्हती. न्यूमोनियाची, टीबीची, विडीनं काळवंडलेली, सगळी पाहिली. पण पहिला श्वास? तो कोणी "घ्या" म्हणून सांगत नाही, कोणी शिकवत नाही, आणि तो कवचाच्या आत, काळोखात, कोणाच्या नजरेला न पडता घेतला जातो. हॅचरीवाल्यानं दोनदा "किती देऊ?" विचारलं तेव्हा कुठं त्या भानावर आल्या.

सहा पिवळी पिल्लं भोकाभोकांच्या खोक्यात बसली. निघताना त्यानं सातवं हातावर ठेवलं. काळं, किरकोळ, मान टाकलेलं. "हे वरचं घ्या. जगलं तर तुमचं." तळहातावर काही आहे की नाही, हेच कळेना. खोक्यात इतरांनी तुडवलं असतं म्हणून बाईंनी ते स्वेटरच्या खिशात ठेवलं.

हॅचरीवाल्यानं बजावलं होतं की पिल्लं अंधारातच सरकवा, कोंबडीला अंधारात दिसत नाही. आता अंधाराची वाट पाहत बसायला बाई काही नवख्या नव्हत्या. एक्स-रेचे किरण अडवणारा, दवाखान्यानं मोडीत काढलेला शिशाचा एप्रन त्यांच्याकडे होता. तो त्यांनी खुरवड्याच्या जाळीवर टाकला, फटींना जुनी चादर कोंबली, आणि भर दुपारी आत डार्करूम झाली. तिथं त्यांचे हात आपोआप चालायला लागले. पोटाखालची मूठ काढली. एक पिल्लू, दोन, तीन. तांबडी आधी गुरगुरली, मग गप्प झाली. दर पिल्लाला बाई सवयीनं पुटपुटत होत्या, "हलू नका. श्वास धरा."

"ते कसले धरतायत," बाहेरून वन्सं म्हणाल्या.

सहावं आत गेलं. आणि मग तांबडीच्या घशातून एक आवाज आला, खालच्या पट्टीतला, घुटघुट, थांबून थांबून. पाच वर्षांत तिच्या तोंडून असला आवाज कोणी ऐकला नव्हता. पोटाखालून सहा चिमुकले आवाज उत्तराला आले. तिला हे कोणी शिकवलं? तिची स्वतःची आई तर हॅचरीतलं यंत्र होती. बाई अंधारात गुडघ्यावर बसून ऐकत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

खोकं रिकामं झालं, काम संपलं. शेवटची फिल्म निघाली की दार उघडायचं, ही एकतीस वर्षांची सवय. बाईंनी एप्रन ओढून काढला. लख्ख ऊन आत शिरलं. आणि त्यांच्या खिशातून आवाज आला, "चीं."

सातवं राहूनच गेलं होतं. त्यांनी घाईघाईनं परत एप्रन टाकला, परत अंधार केला, पण आता तांबडी आई झालेली होती. पोटाखाली सहा जीव, आणि बाहेरून येणारा हात तिला चालेना. तिनं बाईंच्या मनगटातून रक्त काढलं. काळ्यालाही एक टोच बसली तशी ते असं किंचाळलं की वन्संनीच बाईंचा दंड धरून मागे ओढलं.

"सोडा म्हणायचं विसरलीस तेव्हा मास्तर मोठा होता, वाचला," वन्सं म्हणाल्या. "हे एवढंसं आहे."

हॅचरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "रंगही वेगळा, तिनं आता बघितलंही. अवघड आहे. आणि तुम्ही एकटं वाढवलंत तर पुढं बाकीच्या कोंबड्या टोचून मारतील. कळपात आलेलं परकं त्या सोडत नाहीत." मग काय करायचं? "जाळीआड ठेवा, शेजारी. दिसू दे एकमेकांना, पण चोच पोचू देऊ नका. दहा-बारा दिवसांनी बघा नशिबात काय आहे."

झालं, बाईंच्या जिवाला नवा घोर लागला. तांबडी दुसऱ्याच दिवशी उठली, पाणी प्यायली, अधाशासारखी कण्यांवर तुटून पडली. तिच्यापुरतं काम फत्ते झालं होतं. पण काळं दिवसा तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात, तांबडीपासून हातभर अंतरावर, आणि बाकीचा वेळ बाईंच्या खिशात. खिडकीतली खुर्ची रिकामी पडली. दर तासाला पाणी, दर दोन तासांनी दाणा, पिंजऱ्यावर ऊन आलं की पिंजरा सरकव, वारा सुटला की चादर लाव.

आणि जाळीतून जे दिसे त्यानं बाई दर दिवशी नव्यानं थक्क होत. तांबडी कणी उचलायची, टाकायची, परत उचलायची, म्हणायची "टुक टुक", आणि सहाही धावत येऊन त्याच कणीवर चोच मारायची. आकाशात घारीची नुसती सावली सरकली तर तिच्या घशातून एक लांब सूर निघे आणि सहाच्या सहा जागच्या जागी दगड होत. हूं नाही की चूं नाही. जाळीपलीकडे काळंही दगड होई. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, ते नुसतं ऐकत होतं. बाईंनी हे वन्संना चारदा सांगितलं.

"म्हणजे तुझ्यापेक्षा तिचं 'धरा' जास्त चालतं," वन्सं म्हणाल्या.

"तिला 'सोडा'ही म्हणता येतं. घार गेली की घुटघुट करते. मग सगळी हलतात."

अकराव्या दिवशी तांबडी पिल्लांना घेऊन मोठ्या कोंबड्यांत जाऊ लागली. त्या चौघींची पुढारी म्हणजे मुख्याध्यापिका. पांढरी, जाडजूड, चालणं तोऱ्यातलं, नाकावर माशी बसू न देणारी. ती एकदा पिवळ्यांपैकी एकावर धावून गेली. तांबडीनं पिसं अशी फुलवली की दुप्पट दिसायला लागली, आणि मुख्याध्यापिका काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं भिंतीकडे वळली. त्या सहांना कळपात जागा मिळाली. पण ते संरक्षण सहांना होतं. सातव्याला कोण?

बाराव्या दिवशी सकाळी बाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं. वन्सं हातात चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या. दुसऱ्या हातात केरसुणी होती, वेळ पडली तर.

काळं दारात थबकलं. मागे वळून बाईंच्या खिशाकडे पाहिलं. बाईंनी खिसा हातानं झाकून घेतला. त्यांना ते फार जड गेलं.

मग ते निघालं. तांबडी परसाच्या पलीकडच्या टोकाला माती उकरत होती आणि मध्ये मोकळी जमीन होती. अर्धं अंतर गेलं आणि मुख्याध्यापिकेनं मान वर केली. एक डोळा रोखला. चालत आली, मग पळत आली, आणि काळ्याच्या डोक्यावर टोच मारली. काळं उताणं पडलं. ओरडलंसुद्धा एकदाच. दुसरी टोच, तिसरी. बाकीच्या तिघीही वळल्या.

बाईंचं पाऊल पुढं पडलं. वन्सं म्हणाल्या, "थांब."

"मरेल ते."

"आज तू उचललंस तर उद्या मरेल. थांब."

बाई थांबल्या. आयुष्यात थांबणं त्यांना इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

आणि तांबडी आली. बाईंना ती येताना दिसलीच नाही, ती परसाच्या टोकाला होती आणि मग मुख्याध्यापिकेच्या पाठीवर होती, एवढंच. धूळ, पिसं, फडफड. मुख्याध्यापिका भिंतीपर्यंत पळाली. बाकीच्या तिघींना एकदम कण्यांची आठवण झाली. तांबडी परत आली आणि काळ्याच्या डोक्यावर उभी राहिली. मान वाकडी करून तिनं त्याच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. याच चोचीनं बारा दिवसांपूर्वी तिनं त्याला मारलं होतं.

बाईंनी किती जणांचं आतलं पाहिलं होतं, हाड, गाठ, पाणी, छाया. पण एखादा जीव ठरवतो म्हणजे आत काय होतं, ते कुठल्याच फिल्मवर कधी आलं नव्हतं. आता ते समोर, दहा पावलांवर, तांबड्या पिसांच्या आत चाललं होतं आणि तरी दिसत नव्हतं.

तांबडीनं पंख पसरले. घुटघुट केली. सहा पिवळी चहूकडून पळत आली आणि आत शिरली. धूळ खाली बसली तेव्हा उताणं पडलेलं काळं तिथं नव्हतं. तांबडी हळूच गुडघ्यांत वाकली, पण पुरती बसली नाही.

तिच्या पोटाखाली पाय दिसत होते. बरगड्या मोजायची सवय असलेल्या बाईंनी डावीकडून मोजायला घेतलं. दोन, चार, सहा. आठ, दहा. बारा. सगळे पिवळे. बाईंची नजर तिथंच अडली. मग अगदी मागच्या बाजूला, शेपटीखाली, दोन काळे पाय. एक पाय उचललेला होता, तोही खाली टेकला.

चौदा.

तांबडी पिसं सैल करून पुरती बसली आणि एकही पाय दिसेनासा झाला. बाई तशाच उभ्या होत्या, एक हात रिकाम्या खिशावर, खांदे वर चढलेले, चेहरा लालबुंद. वन्संनी केरसुणी भिंतीला टेकवली, जवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सोडा," वन्सं म्हणाल्या.