पुसलेला व्हिडिओ

त्या बाई रोह्याहून एसटीने पेणला आमच्या शाळेत यायच्या आणि मराठी शिकवायच्या. मी शेजारच्या वर्गात हिंदी शिकवतो. नवा शब्द फळ्यावर लिहिला की त्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जात आणि तिथल्या मुलीला विचारत, "कळलं गो?" ती हो म्हणेपर्यंत पुढचा शब्द येत नसे.

मी माझे धडे मोबाइलवरून सगळ्यांसाठी टाकतो. त्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "वाईट नाय सर, पण माझ्याच्यानं व्हायचं नाय."

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात मीच आग्रह धरला, एक तरी धडा मोबाइलवर घेऊ. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या एक कविता शिकवायला उभ्या राहिल्या. अर्ध्यावर सवयीने चालत मागे गेल्या. मोबाइलमध्ये नुसता फळा उरला आणि लांबून आवाज आला, "कळलं गो?" मग बराच वेळ काहीच नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "पुसून टाका. उत्तरच नाय आलं, तर पुढं कसं जायचं?"

मी त्यांच्यादेखत व्हिडिओ पुसला.

आता माझे धडे कुठकुठली मुलं बघतात. पण तास चालू असताना मी मध्येच थांबतो, पलीकडच्या वर्गातून त्यांचा आवाज येईल असं वाटतं.

परवा रोह्याला त्यांच्या घरी गेलो. चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "सर, तो व्हिडिओ खरंच पुसलात काय?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या मोबाइलकडे एकदा बघितलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.