आरसा काढणारा माणूस

नातवंडांनो, धाकटीने तिकडे मोटारसायकल घेतली, असं फोनवर कळलं. छान झालं. मात्र कोणी कितीही हसलं तरी तिचे आरसे काढू देऊ नका. का, ते लिहिते. हे लिहिताना मी शांत नाही आणि मला व्हायचंही नाही.

तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर मोटारसायकल घेतली, तेव्हा तिच्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका घरात फक्त मी वाचली. वळण्याआधी आरशात बघा, इंडिकेटर द्या, मग मान वळवून पुन्हा मागे बघा, असं त्यात होतं. मी ते आजोबांना वाचून दाखवत होते, तेवढ्यात माझे धाकटे दीर पाना घेऊन आले. आमच्याकडे नव्या गाडीची पूजा झाली की आरसे उतरवतात. आरसे ठेवणारा शिकाऊ समजला जातो. शिवाय उसाच्या ट्रॉलीजवळून जाताना ते अडकतात म्हणे.

"भाऊजी, राहू द्या ते," मी म्हटलं.

"वहिनी, आरसा बायास्ले लागस, गाडीले नही. अन् पुस्तक वाचीसन गाडी चालस का?"

त्यांचं बोलणं अहिराणीतच ठेवते. मराठीत ते उगाच सभ्य वाटेल. आरसा बायांना लागतो, या विनोदावर सगळे हसले, आजोबाही हसले. त्यातला एक आरसा भाऊजींनी आपल्या गोठ्याच्या खांबाला बांधला, दाढी करायला.

चार महिन्यांनी आम्ही दोघं शहाद्याहून परत येत होतो. गावच्या फाट्यावर आजोबांनी हात दाखवला आणि गाडी उजवीकडे घेतली. मागून केळीची पिकअप पुढे निघत होती. मी साडीमुळे डावीकडे पाय सोडून बसलेली, मला ती दिसलीच नाही. आजोबांना कशात दिसणार होती? तिचा धक्का बसला आणि मी मातीत पडले. त्यांचा गुडघा गाडीखाली आला. त्या वळणाचं त्यांना आजही काही आठवत नाही.

मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी असताना भाऊजींनी पारावर सांगून टाकलं, "वहिनी मांगे हालनी, म्हनीसन तोल गया."

मी परतले तेव्हा गावाचं मत ठरलेलं होतं. भाऊजींचं ऐकून आजोबांचंही. मी हलले नव्हते, असं त्यांना किती वेळा सांगितलं! ते म्हणायचे, "असू दे गं. बाईमाणसाचं होतं कधी कधी." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ही माफी सोसली नाही. आणि रोज सकाळी अंगण झाडताना समोर गोठ्यात भाऊजी त्या आरशात गालाला साबण लावताना दिसायचे.

चौसष्टाव्या वर्षी मी स्कूटर शिकले. नंदुरबारला जाऊन रीतसर परवाना काढला.

गेल्या वर्षी भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीला शहाद्याला जायचं होतं आणि त्यांची मुलं सुरतला. ते दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, शहादाले सोडशी का?"

"सोडते. हेल्मेट घालायचं आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायचं."

पारावरून गेलो तेव्हा कोणीतरी ओरडलं, "आज ड्रायव्हर बदलना का?" भाऊजींनी मान खाली घातली. मी वेग मुद्दाम कमी केला.

तपासणीत डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध डोळ्यांत घातलं. परतीच्या वाटेवर भाऊजींना उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. फाट्याच्या अलीकडे मी स्कूटर रस्त्याच्या पार कडेला घेऊन थांबवली.

"भाऊजी, मागून काय येतंय सांगा."

"माले काही दिखत नही, वहिनी."

"सांगा ना. त्यावर मी वळणार आहे."

"अवो, पागल हुईनी का? आंधया मानूसले काय इचारस?"

"तुमच्या भावालाही त्या दिवशी दिसत नव्हतं."

एक ट्रक आमच्या बाजूने गेला. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. ते घाबरले याचं मला बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

"घरी जाऊन त्यांना खरं सांगणार असाल तर बसा. नाहीतर उतरा."

ते उतरले नाहीत. मी दोन्ही आरशांत बघितलं, इंडिकेटर दिला, मान वळवली, रस्ता रिकामा होईपर्यंत थांबले आणि मग वळले.

आजोबा ओट्यावर काठी घेऊन बसले होते. भाऊजी हेल्मेट न काढताच म्हणाले, "दादा, आरसा मी काढा व्हता. वहिनीनी काही चूक नव्हती. मी खोटं सांगं."

आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मला आधी नीट सांगायचं होतंस."

"रोज सांगत होते. तुम्हाला भावाचं तेवढं ऐकू येत होतं."

ते काठी टेकत आत गेले. मी त्यांची समजूत काढली नाही. अजून काढलेली नाही.

भाऊजी हेल्मेट परत देताना हळूच म्हणाले, "सोमवारले डाक्टरनी परत बलावेल शे, वहिनी."

"बस सव्वाआठला असते," मी म्हटलं.