पियानो, व्हायोलिन, चेलो आणि स्कूटरची ट्यूब

लग्न होऊन इंदिरानगरात आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी सासऱ्यांनी मला हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, "बस. हे संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही आणि बांगड्या वाजवायच्या नाहीत." मला वाटलं, घरातली काही पूजाबिजा असेल. मी पदर सावरून बसले. त्यांनी खोक्यातून एक रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली आणि लावली. पियानो, व्हायोलिन आणि चेलो. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, हेसुद्धा मला त्यांनीच नंतर सांगितलं. कुणा जर्मन माणसाने दीडशे वर्षांपूर्वी रचलेला तो पियानो ट्रिओ होता. त्या माणसाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून घेत नाही.

मी सटाण्याची. आमचं घर कांद्याच्या मार्केटला लागून. सकाळी ट्रॅक्टरांच्या आवाजाने उठायचं आणि दिवसभर कुणा ना कुणाला हाका मारत राहायचं. आमच्याकडे दिवसाढवळ्या गप्प बसलेलं माणूस दिसलं की आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे. त्यात माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. त्या पहिल्या रविवारी मी पायाची बोटं मोजली, पंख्याची पाती मोजली, सिलिंगचे पोपडे मोजले. शेवटी सासरे म्हणाले, "तुला खाजकुयली लागलीय का गं?"

घरात माणसं तीन. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, रविवारी दुपारपर्यंत झोपलेला. म्हणजे बाबांच्या, सासऱ्यांना मी बाबाच म्हणायचे, रविवारची जोडीदार मी. बाबा ओझरच्या कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. तरुणपणी तिथे रशियन इंजिनियर असायचे. त्यातला एक मायदेशी परत जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि थोड्या रेकॉर्ड बाबांना देऊन गेला. त्यात हा ट्रिओ होता, रशियन वादकांनी वाजवलेला. बाकीच्या रेकॉर्ड बाबांनी वाटून टाकल्या. हा मात्र त्यांच्या अंगातच भिनला.

पुढे त्यांनी मुंबई-पुण्याच्या ओळखीपाळखीतून त्याच ट्रिओच्या आणखी तीन कॅसेट जमवल्या. एक फ्रेंचांची, एक इंग्रजांची, एक अमेरिकनांची. सुरावट तीच, माणसं वेगळी. आणि रविवारी आमची परीक्षा असायची. त्यातला फक्त संथ भाग घ्यायचा, एकामागून एक चारही जणांचा. बाबा माझ्याकडे पाठ फिरवून बसायचे, मी वाट्टेल त्या क्रमाने लावायचे, आणि त्यांनी ओळखून मार्क द्यायचे. ऐकताना उजव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या लाकडी हातावर ठेका धरायची. तेवढ्या जागेचं पॉलिश उडून गेलं होतं. पहिला नंबर कायम रशियनांचा.

"बाकीचे धावतात गं," ते म्हणायचे. "गाडी पकडायचीय त्यांना. हे बघ, कसे पाट मांडून बसलेत. आणि तो चेलोवाला मध्येच बारीक श्वास घेतो, कळला का तुला?"

"मला तर सगळे सारखेच वाटतात बाबा. हे जरा झोपेत वाजवतात एवढंच."

"तुझ्या कानात कांदे भरलेत."

मग मी माझ्यापुरता तोडगा काढला. हाताला चाळा हवा, पण आवाज होता कामा नये. मटार सोलले तर शेंग वाजते, तांदूळ निवडले तर ताट वाजतं. म्हणून मी कापूस घेऊन वाती वळायला बसायचे. वातींना आवाज नसतो. बाबांना ते पटलं. काही वर्षांत माझ्या वाती आमच्या सोसायटीत घरोघरी गेल्या, आणि आई सटाण्याहून फोन करायची, "कशी शे तू?" तेव्हा मी सांगायचे, "वाती वळतेय." तिला वाटायचं, पोरगी फार देवधर्मी झाली.

शतक संपता संपता बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी, फ्रेंच कॅसेट चालू असताना, त्यांनी विचारलं, "व्हायोलिन अजून आलं कसं नाही?" व्हायोलिन केव्हाचं आलं होतं. माझ्या हातातली वात तशीच राहिली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू खालचे. थांबवता येत नाही. मशीन लावलं तर बोलणं थोडंफार कळेल. घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "जायचंय ते जाऊ दे. पण त्याआधी एक निकाल लावायचाय."

"कसला?"

"कान बंद झाल्यावर डोक्यात जेवढं असेल तेवढंच. चौघांतलं एकच नीट पाठ करून ठेवायचं. चारही ठेवले तर खिचडी होईल, एकही लागणार नाही."

तिथून आमचे रविवार बदलले. नुसता छंद होता तोवर मला कंटाळा यायचा, आता धास्ती वाटायला लागली. रविवार पुरेनात म्हणून बुधवारीही लावायला लागलो. त्यात लोडशेडिंग. ऐन मध्यावर वीज जायची, रेकॉर्ड रेड्यासारखी हंबरून थांबायची आणि बाबा तसेच बोट हवेत धरून वीज यायची वाट बघायचे. मी आतबाहेर करायचे. एक एक सूर त्यांच्या हातून निसटतोय आणि आपण इथे पंखा कधी फिरतो ते बघतोय, या विचाराने मला घरात बसवायचं नाही. नवरा म्हणायचा, "त्यांच्यापेक्षा तूच जास्त घाई करतेस." करत होते. कुणीतरी करायला नको का?

निकाल रशियनांच्याच बाजूने लागणार हे उघड होतं. पण ती रेकॉर्ड झिजून खरखरायला लागली होती आणि त्या खरखरीत बाबांना उरलंसुरलंही नीट कळेना. मग मी डोकं लढवलं. नवरा कामासाठी मुंबईला निघाला होता, त्याच्या बॅगेत रेकॉर्डचं रिकामं कव्हर कोंबलं. म्हटलं, हीच माणसं सीडीवर मिळतात का बघ, न मिळाली तर परत येऊ नकोस. मिळाली. सीडी प्लेअरही आला. रविवारी मी मोठ्या तोऱ्यात सीडी लावली, आवाज पार वर नेला.

बाबांच्या कपाळावर आठी. थोडं ऐकून म्हणाले, "हे ते नाहीत."

"अहो, कव्हरवर तीच तीन नावं आहेत."

"नावं काय, कुणीही काहीही छापेल. हे धावतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या खटपटी करून आणलं आणि म्हणे हे ते नाहीत! माझे वडील सटाण्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांची जुनी पेटी माझ्याबरोबर सासरी आली होती. ती मी पलंगाखालून ओढून काढली. म्हटलं, आता दूध का दूध आणि पानी का पानी. सीडीतला सुरुवातीचा सूर पेटीवर शोधला, काळी दोन. मग रेकॉर्ड लावली, तोच सूर शोधला. पांढरी दोन. पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. रेकॉर्ड एका पट्टीने खाली बोलत होती. माणसं एकच असतील तर एवढा फरक यायचं कारण नाही.

मी प्लेअरचं ताट उचललं. खाली मोटरपासून ताटापर्यंत एक काळा पट्टा होता, ओबडधोबड कापलेला आणि एका जागी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेला.

"हे काय आहे बाबा?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"पट्टा. मूळचा केव्हाच तुटला. रशियन गेले, पट्टा कुठून आणणार? स्कूटरची जुनी ट्यूब होती, तिच्यातून कापला. छान बसलाय."

छान कसला बसलाय. तो सैल पडून घसरत होता आणि ताट हळू फिरत होतं. माझ्या लग्नाच्या आधीपासून. कॅसेट बरोबर होत्या, फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन कुणीही गाडी पकडायला धावत नव्हतं. आमचे रशियनच तेवढे रेंगाळत होते. आणि तो चेलोवाल्याचा बारीक श्वास? तो चिकटवलेला सांधा होता. तो मोटरवरून गेला की सूर किंचित हलायचा.

हे सगळं मी ओरडून सांगितलं, कारण ओरडल्याशिवाय त्यांना कळत नव्हतं. नवरा झोपेतून उठून आला आणि हसत सुटला. बाबा हसले नाहीत. पट्टा हातात घेऊन त्यांनी तो दोन बोटांनी ताणून बघितला.

"म्हणजे मी इतकी वर्षं काय ऐकत होतो?"

मी पेटी बंद केली.

दोन-तीन आठवड्यांत त्यांनी मेनरोडवरच्या एका दुकानदारामार्फत खरा पट्टा मागवला, स्वतः बसवला आणि जुना माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. आता रेकॉर्ड आणि सीडी एका सुरात बोलायला लागल्या. रशियनही बाकीच्यांसारखेच निघाले, चांगले पण चौघांतले एक. आणि बाबांचं चित्त उडालं. एक कॅसेट लावायचे, अर्ध्यात बंद करायचे. रेकॉर्ड लावायचे, सुई उचलून ठेवायचे. गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. भिंगरी आता त्यांच्या पायाला लागली होती आणि मी म्हणत होते, बसा हो जरा.

"बाबा, ठरवा एकदाचं. दिवस चाललेत."

"कोणत्या तोंडाने ठरवू? ज्याने बाकीच्यांना मोजलं ते मापच खोटं निघालं."

"मग तसलाच दुसरा पट्टा कापू या. ट्यूब काय, कोपऱ्यावर पंक्चरवाल्याकडे मिळेल. कोण येतंय तपासायला?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "आयुष्यभर मी मापं तपासलीत. खोटं ते खोटं. त्या माणसांनी तसं वाजवलंच नव्हतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली, तीही त्यांना ऐकू गेली नाहीत.

बघता बघता कान गेलेच. मशीन लावलं तर बोलणं थोडं कळायचं, पण संगीत म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी मशीन कपाटात ठेवून दिलं. आम्ही पाटीवर लिहून बोलायला लागलो. एकदा मी पाटीवर लिहिलं, "ठरलं का?"

"ठरलं."

"कोणतं?"

"ते माझ्यापाशी," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

ताकास तूर लागू दिली नाही. मी मनात हिशेब करत राहिले, फ्रेंच असेल, नाहीतर दुरुस्त झालेले रशियन. पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती मी नवऱ्यालाही बोलून दाखवली नाही. या माणसाने काहीच वाचवलं नसेल तर? एवढी धावपळ करून शेवटी त्याच्या डोक्यात नुसता सन्नाटा असेल तर?

मग एका रविवारी नवरा घोटीला तांदूळ आणायला गेला होता. बाबा आपणहून हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी मला खूण केली. लाव. किती महिन्यांनी ते. कोणतं लावू, हे पाटीवर लिहिलं तर म्हणाले, "रशियन. सीडी." मी लावली आणि सुरू झाल्यावर हात वर केला. त्यांनी डोळे मिटले. तर्जनी त्या पॉलिश उडालेल्या जागी टेकली.

सुरुवातीला बोट आणि पियानो बरोबर चालले. मी कापूस घेऊन बसले. थोड्या वेळाने बघते तर बोट मागे पडत होतं. ते बघवेना मला. वाटलं, विसरले. हरवलं यांचं सगळं. मी मान खाली घालून वाती वळत राहिले आणि वाती वाकड्या व्हायला लागल्या.

संथ भाग संपला. पुढचा सुरू व्हायच्या आत बटण दाबायचं ही माझी सवय, मी टुणकन उठले, दाबलं. हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी उरली. बाबांना सांगावं म्हणून वळले, तर त्यांचं बोट चालूच होतं.

सावकाश, निवांत, जराही न चुकता. आणि ठरावीक अंतराने किंचित थबकत होतं, जिथे त्यांचा चेलोवाला श्वास घ्यायचा.

मला एकदम रडू फुटलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू. कापसाचे हात तसेच चेहऱ्याला लावले. पायाला भिंगरी असलेली मी, त्यांच्या खांद्याला हात लावून "संपलं" म्हणायला निघालेली, तशीच मागे सरले आणि सोफ्यावर बसले. हातात वात घेतली नाही. नुसती बसले आणि ते बोट बघत राहिले.

बऱ्याच वेळाने बोट थांबलं. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"संपलं ना?"

मी मान हलवली. हो बाबा, आत्ताच संपलं.