कोरडी ठेवलेली जागा

बाईंनी बाटलीचं बूच काढलं तेव्हा पल्लवी अजून डोक्यावर उभी होती. पाय वर, हात जमिनीला, बाकीची मुलं गोल करून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी आमचा तास दहा मिनिटं लांबला होता. बाई हॉलच्या चिटणीस, निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि गोमूत्र शिंपडत थेट गोलात शिरल्या.

"तुमचं चालू द्या हं," त्या म्हणाल्या. "साडेपाचला आमची मुलं पाठांतराला बसायची आहेत."

पल्लवी धपकन खाली आली. तिच्या केसांवर थेंब होते. तिने हात फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे बाई आपल्याच मांगं काहून शिपडते?"

मी म्हटलं, "जुनी पद्धत हाय त्यांची."

थू माझ्या जिभेवर.

मला सगळं माहीत होतं. यवतमाळात त्याच हॉलमध्ये मी हिपहॉपच्या दोन बॅच घ्यायची. बुधवारी कॉलनीतली मुलं, रविवारी तांड्यांवरून शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं. तीच फरशी, त्याच स्टेप्स, तोच घाम. बुधवारी बाटली निघायची नाही. रविवारी मी चप्पल घालेपर्यंत मागून वास यायचा. आठ महिने तो वास मी नाकात घेतला आणि जिना उतरले.

गोमूत्राचं आम्हाला काय नवल? आमच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख तुडवले. गोठ्यातच वाढलो आम्ही. आता त्याच जनावराचं मूत आमच्यामागे शिंपडून यांची फरशी शुद्ध होते. किळस आली मला. बाईंची आलीच, पण स्वतःची जास्त.

कारण मीही कमी नव्हते. हिपहॉपच्या गोलात शिरताना आपलं नाव आणि आपली जागा मोठ्याने सांगायची असते. मी या मुलांना सांगून ठेवलं होतं, इथे तांडा म्हणू नका, नुसतं यवतमाळ म्हणा. अंघोळ करून या. आपसात आपली बंजारा गोरबोली नको. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो!" त्यावर मी थँक्यू म्हटलं होतं. हसून.

तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. सगळीकडे थेंब पडले होते. माझ्या नाचाच्या बुटांभोवती मात्र हातभर फरशी कोरडी होती. बाईंनी मला वळसा घातला होता.

मी बूट काढले. अनवाणी उभी राहिले.

"बाई, इथंबी शिपडा."

"अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही तर आमच्यातल्याच."

"मी दारव्ह्याकडच्या तांड्यावरची हाव. या पोराइची जात तेच माही जात. शिपडा."

बाईंचा हात बाटलीसकट तसाच राहिला. मग बाईंनी बूच लावलं आणि आवाज खाली आणला.

"रविवारचं काय ते आपण बघू. बुधवारची बॅच मात्र सोडू नका. मुलांना तुमची सवय झाली आहे."

एवढं होऊनही यांना मी हवी होते. धुऊन घेतलेली, पुसून घेतलेली मी. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन्ही बॅच सोडल्या.

आता आम्ही वसतिगृहामागच्या सिमेंटच्या ओट्यावर शिकतो. हॉलसारखी गुळगुळीत फरशी नाही. पल्लवीचा खांदा दोनदा सोलला. तिसऱ्यांदा तिने त्याला फडकं बांधलं आणि परत गोलात शिरली. पाऊस आला की तास बुडतो. दुसरा हॉल मिळालेला नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

परवा कॉलनीतल्या दोन मुली बाजारात भेटल्या. चांगल्या नाचतात दोघी.

"ताई, आम्ही तिकडे येऊ का? घरी ट्यूशनला जातो म्हणून सांगू."

मी म्हटलं, "या. पण कुठं जाता अन् कोणासंगं नाचता, ते घरी सांगून या. लपून आल्या तर मी घेणार नाही."

त्या अजून आलेल्या नाहीत. नाही आल्या तरी अट बदलणार नाही.