पाला कडू लागला तेव्हा

देव हाकेला धावतो, हे मी आमच्या भजनी मंडळात पेटीवर इतकी वर्षं गात आलो, की त्यावर आपला विश्वास आहे की नुसती सवय, हे कधी तपासलंच नव्हतं. मागच्या श्रावणात ती वेळ आली आणि मी पुरता उघडा पडलो.

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात धानाची रोवणी चालली होती. भर दुपारी बांधावर बायकोच्या पायाला नाग चावला. आमच्याकडे अशा वेळी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. तिने पाला चावला, तोंड वाकडं केलं आणि कडू आहे म्हणाली. झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तिला नागोबाच्या पारावर बसवलं, नारळ फोडला आणि देवा, ही वाचणार याची एक तरी खूण दाखव, असं डोळे मिटून विनवत बसलो. डोळे मिटून खूण मागणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

त्या दिवशी लसीकरणासाठी एक सिस्टर गावात आली होती. तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गर्दी बघून ती थांबली, बायकोची हनुवटी उचलून चेहरा पाहिला आणि माझा खांदा हलवला.

"भाऊ, पापण्या पडून राह्यल्या हिच्या. पाल्याचं काय घेऊन बसले? गाडीत बसवा हिले."

तिच्याच गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बायकोची जीभ जड झाली, श्वास तोकडा पडू लागला. डॉक्टरांनी विषावरचं औषध सलाइनमधून सुरू केलं, घशात नळी घातली, आणि तीच सिस्टर हाताने रबरी फुगा दाबून तिला श्वास देत राहिली. मी मात्र बायकोचा हात घट्ट धरून त्यांच्या मधेच उभा.

"आता सोडा भाऊ," सिस्टर म्हणाली. "आमच्या हाती द्या तिले."

तो हात सोडणं मला फार जड गेलं. पण सोडला. खरं सांगतो, देवापुढे इतक्या वेळा डोकं टेकलं, पण शरण मी त्या क्षणी पहिल्यांदा गेलो.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. शुद्धीवर येताच तिने रोवणीची चौकशी केली, आणि मग हळूच कबूल केलं की पाल्याला चवच लागली नव्हती. कडू म्हटलं नसतं तर सगळ्या बायका काम टाकून तिच्याभोवती बसल्या असत्या. मला रागही आला आणि रडूही आलं.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा मी त्या औषधाचं विचारलं. सापाचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याचं रक्त विषाशी झुंजायला शिकतं आणि त्यातूनच औषध बनतं, असं त्यांनी सांगितलं. मी थक्क झालो. ज्याने मारायचं त्याच्याकडूनच तारून घेणारी ही बुद्धी माणसाला दिली कोणी?

बायकोने मात्र डॉक्टरांना विचारलं, "अन् त्या घोड्याले काई होत तं नाई ना?"

तो बरा राहतो, त्याची नीट काळजी घेतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिने त्यांना पुढच्या खाटेकडे जाऊ दिलं नाही. मग पडल्या पडल्याच तिने त्या घोड्याला हात जोडले. तिच्या एका हाताला सुई होती, म्हणून तो मी खालून धरला.