टाकीचं झाकण

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. इंजिनाला कान लावला की रोग सांगणार, अशी त्याची ख्याती. आणि ती त्याच्या डोक्यातही गेली होती. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की हा हात वर करायचा, "तुम्ही गप्प बसा, गाडीला बोलू द्या." मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावायचं, पेट्रोलचा वास घ्यायचा आणि त्यानंतरच किक मारायची. पस्तीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता.

त्या सकाळी पुतणी मोटारसायकल घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला. गाडी त्याच्या धाकट्या भावाची होती. अकरा वर्षांपूर्वी याच गाडीवरून ट्रकला ओलांडताना तो गेला. तेव्हापासून भावजयीच्या जिन्याखाली ती चादरीखाली उभी होती. पुतणीने ती दुसरीकडून चालू करून घेतली होती.

"काका, ऐंशीने दहा मिनिटं पळवली की अडखळते. दम कोंडल्यासारखी होते."

धाकटाही हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत. तीनदा आला होता बिचारा. तिन्ही वेळा कानसेनाने झाकण उघडलं, किक मारली, एक चक्कर मारली. गाडी कशी लोण्यासारखी चालली. तिसऱ्यांदा तर त्याने चारचौघांत चेष्टा केली, "गाडी ठणठणीत आहे रे, भूत तुझ्या मनात आहे." भाऊ ओशाळून हसला आणि गेला. आठवड्याच्या आत खेळ संपला. लोक म्हणाले, वेगाची मस्ती नडली. कानसेनाने ते कधी खोडून काढलं नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न त्यालाच आला असता. ते ओशाळं हसू मात्र रोज शटर वर करताना त्याच्यासमोर उभं राहायचं.

सवयीने त्याचा हात झाकणाकडे गेला. तो त्याने मागे घेतला. "अजून काय होतं? सगळं सांग."

"थांबते, झाकण उघडून बघते. पेट्रोल भरपूर असतं. झाकण लावलं की पुन्हा नीट पळते."

झाकणाला हात न लावता त्याने किक मारली. "बस मागे," तो म्हणाला.

शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर काटा ऐंशीवर गेला. दहाव्या मिनिटाला इंजिन अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं. शेजारून एक ट्रक धडधडत पुढे गेला. त्याने गाडी कडेला घेतली, चाचपडत झाकण सैल केलं. सुस्स! बाहेरची हवा आत शिरली.

"हे काय?" पुतणीने विचारलं.

झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते मळाने बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून जोरात पळताना पेट्रोल खाली उतरेना. झाकण उघडलं की रोग पसार! म्हणजे तपासायला बसण्याआधी तो स्वतःच दरवेळी पुरावा पुसत होता. खिशातल्या तारेने त्याने भोक मोकळं केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"एवढंच होतं?"

"एवढंच." त्याला तिच्याकडे बघवेना. "पोरी, तुझ्या बाबाला कसलीही मस्ती नव्हती. ट्रक ओलांडताना गाडीने दगा दिला असणार. त्याने मला तीनदा सांगितलं होतं. मी त्याला बोलूच दिलं नाही."

तिने टाकीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई अजून बाबांवर रागावलेली आहे, काका. फोटोसुद्धा लावू देत नाही."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने किल्ली तिच्या हातात दिली. "घरी चल. हे तिला मीच सांगायला हवं."

तो मागे बसला. भावजयीच्या दारापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. अडखळावी, असं त्याला वाटभर वाटत होतं.